दम्याचा अटॅक, पहिला तास आणि ‘आम्हाला स्टिरॉईड नको’

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्यांच्या घरात दमेकरी माणूस आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. थंडी सुरू झाली, मळण्या सुरू झाल्या, उसाचं पाचट पेटायला लागलं, फटाके तोंडावर आले. आता पुढचे तीन-चार महिने रात्री-बेरात्री धाप लागलेली माणसं दवाखान्यात येणार. दरवर्षी येतात. आणि दरवर्षी मला दुकानाच्या काउंटरवर तेच दोन प्रकार बघायला मिळतात.

पहिला प्रकार. ज्याला अटॅकमध्ये स्टिरॉईड तातडीनं मिळायला पाहिजे, त्याला ते मिळत नाही. मिळालं तर उशिरा मिळतं, किंवा एक इंजेक्शन मिळतं आणि पुढचा कोर्सच मिळत नाही. किंवा डॉक्टर लिहून देतात आणि घरचे लोकच ते बंद करतात.

दुसरा प्रकार. ज्याला रोज स्टिरॉईडची गोळी लागायचं काही कारण नाही, तो ती पुडीतून, बाटलीतून, नाव नसलेल्या डबीतून वर्षानुवर्षं खातो. आणि वर सांगतो, ‘आमचं औषध शुद्ध जडीबुटीचं आहे.’

म्हणजे ज्याला पाहिजे त्याला नाही आणि ज्याला नको त्याला पोतंभर. आपल्या तालुक्यात स्टिरॉईडचं हे असं झालंय. आज त्यातल्या पहिल्या प्रकाराबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण त्यात माणूस एका रात्रीत जातो.

मी डॉक्टर नाही. मेडिकल चालवतो, शिक्षणानं फार्मासिस्ट आहे. खाली जे लिहिलंय ते मोठ्या माणसांच्या दम्याबद्दल आहे आणि ते जगभर मान्य असलेल्या उपचार-सूचनांमध्ये छापलेलं आहे, माझ्या डोक्यातून आलेलं नाही. हे वाचून कोणी स्वतःच्या मनानं गोळ्या सुरू करू नयेत. माझ्या दुकानात तर त्या चिठ्ठीशिवाय मिळणारही नाहीत.

अटॅकमध्ये छातीत होतं काय?

तीन गोष्टी एकाच वेळी होतात. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं. आणि त्यात चिकट कफ भरतो.

शेतकऱ्यांना सांगायला सोपं आहे. ठिबकच्या नळीवर कोणी पाय दिला तर पाणी बंद होतं. पाय काढला की लगेच सुरू. पण नळीत आतून क्षार बसले असतील तर पाय काढून काय उपयोग? तिथं ॲसिडच सोडावं लागतं, आणि ॲसिड सोडलं तरी क्षार सुटायला वेळ लागतो.

साल्ब्युटामॉलचा पंप किंवा दवाखान्यातली वाफ म्हणजे नळीवरचा पाय काढणं. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. पेशंट म्हणतो, ‘मोकळं झालं.’ नातेवाईक म्हणतात, ‘चला घरी.’ पण आतली सूज तशीच असते. वाफेचा असर तीन-चार तासांत ओसरला की पुन्हा तेच सुरू. फक्त आता पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि गाडी मिळत नसते.

सूज उतरवायचं काम स्टिरॉईडचं. पण ते लगेच होत नाही. गोळी घेतल्यापासून किंवा इंजेक्शन दिल्यापासून असर नीट जाणवायला चार तास तरी जातात, कधी जास्तही. आता साधा हिशोब करा. ज्या औषधाला चालू व्हायलाच चार तास लागतात, ते कधी द्यायचं? ‘आधी दोन-तीन वाफा देऊन बघू, नाही फरक पडला तर स्टिरॉईड देऊ’ असं करून चालेल का? म्हणून तर सूचना स्पष्ट आहे की अगदी किरकोळ अटॅक सोडला, तर दवाखान्यात आल्यापासून पहिल्या तासाच्या आत स्टिरॉईड पोटात किंवा शिरेत गेलं पाहिजे. वाफ सुरू असतानाच. वाफ संपल्यावर नाही.

हे कोणी ठरवलं?

हे काही आजकालचं फॅड नाही. कॉर्टिझोन पहिल्यांदा संधिवातावर वापरलं गेलं १९४८-४९ च्या सुमारास, आणि १९५० सालचं नोबेल या कामाला मिळालं. दम्याच्या गंभीर अटॅकमध्ये ते खरंच उपयोगी पडतं का, याची तुलना करून तपासणी ब्रिटनमध्ये झाली, तिचे निष्कर्ष १९५६ साली छापले गेले. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं त्या वर्षी.

पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. इमर्जन्सीत आलेल्या दम्याच्या ९७ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर आल्या आल्या स्टिरॉईडचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नुसतं पाण्यासारखं निरुपद्रवी इंजेक्शन. कोणाला काय दिलंय ते माहीत नसताना डॉक्टरांनी ठरवायचं, ॲडमिट करायचं की घरी सोडायचं. ज्यांना स्टिरॉईड मिळालं त्यांच्यातले १९ टक्के ॲडमिट झाले. ज्यांना नाही मिळालं त्यांच्यातले ४७ टक्के.

२००१ साली असे बारा अभ्यास एकत्र करून बघितले गेले, एकूण ८६३ रुग्ण. निष्कर्ष असा की पहिल्या तासात स्टिरॉईड दिलेल्या दर आठ रुग्णांमागे एकाचं ॲडमिट होणं टळतं. आठात एक! वैद्यकात हा आकडा लहान नाही. आणि औषध कुठलं, तर काही रुपयांत येणारी प्रेडनिसोलोनची गोळी. ना मशीन, ना आयसीयू, ना मुंबई-पुण्याहून मागवायची भानगड.

एवढं सगळं माहीत असताना ते होत का नाही? मला दिसलेली कारणं सांगतो. काही दवाखान्याच्या बाजूची आहेत, काही आपल्या बाजूची. आधी आपली.

‘नेटवर बघितलं, हे स्टिरॉईड आहे’

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एक मुलगी वडिलांच्या गोळ्यांची पट्टी परत घेऊन आली. आदल्या दिवशीच नेली होती, पाच दिवसांचा कोर्स होता. म्हणाली, ‘काका, नेटवर बघितलं, हे स्टिरॉईड आहे. पप्पांना शुगर आहे. आम्हाला नको, दुसरं काहीतरी द्या.’ मी तिला तिथंच थांबवून डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी समजावलं, आणि ती पट्टी घेऊन गेली. पण प्रत्येक पट्टी परत दुकानात येत नाही हो. बहुतेक घरी फडताळात पडून राहतात आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

मी त्या पोरीला दोष देत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी काळी बुरशी बघितली. डोळा काढावा लागलेली, जबडा काढावा लागलेली माणसं आपल्याच गावांत आहेत. त्यात वाढलेली साखर आणि वारेमाप स्टिरॉईड यांचा हात होता, हे खरं आहे. लोकांच्या मनात भीती बसली ती उगाच नाही.

पण त्याच कोरोनातली दुसरी बाजू बघा. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासातून कळलं, की ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर मृत्यू कमी होतात. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नाही त्यांना दिलं तर फायदा नाही. औषध एकच. कोणाला, केव्हा, किती आणि किती दिवस, एवढ्यावर सगळं ठरतं. आपल्याकडे घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९८ असलेल्या माणसांनाही दोन-दोन आठवडे गोळ्या चारल्या गेल्या, तो दोष औषधाचा म्हणायचा का?

दम्याच्या अटॅकचा मोठ्या माणसाचा नेहमीचा कोर्स म्हणजे प्रेडनिसोलोन दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. बस. एवढ्या छोट्या कोर्सला डोस हळूहळू कमी करत आणण्याचीही बहुतेकांना गरज नसते. (ज्यांची गोळी आधीपासून महिनोन्‌महिने चालू आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी अचानक बंद करायची नाही.)

शुगर असेल तर? साखर वाढते, खोटं कशाला बोला. झोप उडते, भूक वाढते, पित्त होतं, काहींची चिडचिड होते. म्हणून साखर रोज तपासायची, गरज पडली तर डॉक्टर शुगरचं औषध वाढवतात. पाच दिवस साखर अडीचशे झाली तर ती खाली आणता येते. बंद पडलेला श्वास परत आणणं फार अवघड असतं.

आणि तरुण पोरांसाठी एक. जिममध्ये दंड फुगवायला जे घेतात ते स्टिरॉईड वेगळ्या जातीचं. त्याचा आणि या गोळीचा नावापुरता संबंध आहे. दोन्हीला एकच शिवी देऊ नका.

‘गोळी काय देता, सुई लावा’

ही आपली जुनी खोड. गोळी दिली की डॉक्टरांनी काही केलंच नाही असं वाटतं. सलाईन लागली की पैसे वसूल. दम्याच्या अटॅकमध्ये पेशंटला गिळता येत असेल आणि उलटी होत नसेल, तर गोळी इंजेक्शनइतकंच काम करते. हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. उलट गोळी लवकर देता येते. शीर शोधा, सुई लावा, सिस्टर दुसऱ्या वॉर्डात आहे, यात अर्धा तास सहज जातो. गोळी दारात, केसपेपर निघायच्या आधी देता येते. फार धाप असेल, बोलता-गिळता येत नसेल, पेशंट गुंगीत असेल, तर अर्थात इंजेक्शनच.

त्यामुळे डॉक्टरांनी पाच गोळ्या तळहातावर ठेवून ‘आत्ता, माझ्यासमोर घ्या’ म्हटलं, तर तोंड वाकडं करू नका. त्यांनी तुम्हाला टाळलेलं नाही. त्या घडीला करायचं तेच त्यांनी केलंय.

आता दवाखान्याची बाजू

आपल्याकडची ठरलेली पद्धत सगळ्यांना माहीत आहे. धाप लागली की डेरीफायलिन आणि डेक्साची सुई, एक वाफ, आणि घरी. चिठ्ठीवर अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध आणि एखादी ताकदीची गोळी.

यातलं डेक्सा हे स्टिरॉईडच आहे, म्हणजे पेशंटला स्टिरॉईड मिळालं. पण एक लहानशी सुई देऊन सोडून दिलं, पुढच्या दिवसांचं काही लिहिलं नाही, तर सूज पूर्ण उतरणार कशी? डेरीफायलिन हे थिओफायलिनच्या घराण्यातलं. त्या घराण्याची औषधं शिरेतून अटॅकमध्ये देऊ नयेत, असं आताच्या सूचना म्हणतात. फायदा तोकडा आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. अँटिबायोटिक तर न्यूमोनियासारखं काही असल्याशिवाय लागतच नाही. खरं लागतं ते चिठ्ठीवर नसतं. पाच-सात दिवसांची प्रेडनिसोलोन आणि सूज कमी ठेवणारा रोजचा पंप, म्हणजे श्वासातून घ्यायचं अगदी कमी मात्रेचं स्टिरॉईड.

मी हे कुठल्या एका दवाखान्याबद्दल लिहीत नाही. कमेंटमध्येही कृपा करून कोणाचं नाव घेऊ नका. रात्री एक एमओ, एक सिस्टर, एका खाटेवर साप चावलेला, दुसऱ्या खाटेवर बाळंतीण, बाहेर अपघाताचे चार जण आणि त्यांचे चाळीस नातेवाईक. त्यात दम्याचा पेशंट वाफ घेऊन शांत बसला की त्याच्याकडे कोण बघणार? मेडिकल ऑफिसरच्या जागा रिकाम्या आहेत, हे काही तिथं ड्युटी करणाऱ्या माणसाचं पाप नाही. त्याच्यावर हात उचलणारे आपलेच आहेत. म्हणूनच माझं म्हणणं आहे, की हे काम माणसाच्या आठवणीवर सोडू नका, पद्धत लावून द्या.

घरी सोडल्यावर खरा धोका

ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक फाईल उघडून तपासणी झाली. २०१४ साली अहवाल आला. जवळजवळ निम्मे, ४५ टक्के लोक, वैद्यकीय मदत मागितलीच नाही किंवा मदत पोचण्याआधीच गेले. १० टक्के लोक दम्यासाठीच दवाखान्यातून घरी सोडल्यानंतर महिनाभराच्या आत गेले. आणि अटॅकच्या पंपाची नोंद ज्यांची मिळाली, त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांना वर्षात १२ पेक्षा जास्त पंप दिले गेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त. पाय काढत राहिले, क्षार साठत राहिले.

हे श्रीमंत देशातलं, जिथं ॲम्ब्युलन्स काही मिनिटांत येते. आपलं काय? जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. पण दम्यानं होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त मृत्यू भारतात होतात, असा जागतिक अंदाज आहे. रुग्ण आठात एक आणि मृत्यू पाचात दोन. आपल्या लोकांची फुप्फुसं काही जगावेगळी नाहीत. मधलं अंतर उपचाराचं आहे.

आणि आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर ‘हार्ट अटॅक’ किंवा ‘दम लागून मृत्यू’ एवढंच असतं. फाईल कोण उघडणार? फाईलच नसते.

पुडीवाल्यांचं काय?

आता कोणी म्हणेल, स्टिरॉईडची एवढी बाजू घेताय, मग पुडीवाल्यांनी काय वाईट केलं? ते तेच देतात ना?

हिशोब करू. अटॅकचा एक कोर्स, ४० मिलिग्रॅम पाच दिवस, एकूण २०० मिलिग्रॅम. पुडीत रोज १० मिलिग्रॅम जरी असलं तरी वर्षाचे झाले ३६५० मिलिग्रॅम. म्हणजे अठरा कोर्स. दरवर्षी. आणि खाणाऱ्याला माहीतच नाही. चेहरा गोल होतो, लोक म्हणतात तब्येत सुधारली. कातडी पातळ होते, हाडं पोकळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, साखर वाढते. शरीर स्वतःचं स्टिरॉईड तयार करणं सोडून देतं, आणि एक दिवस पुडी संपली की माणूस कोसळतो. पुडीनं ‘गुण येतो’ तो याच गोळीचा, जडीबुटीचा नाही. नाव नसलेलं, लेबल नसलेलं कुठलंही दम्याचं औषध जर चार दिवसांत जादू करत असेल, तर संशय घ्या.

गोळीचा छोटा कोर्ससुद्धा फुकटचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. आयुष्यभरात असे चार-पाच कोर्स झाले तरी हाडं, डोळे, साखर यांचे धोके वाढायला लागतात, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून ‘गेल्या वेळी या गोळ्यांनी बरं वाटलं होतं, परत द्या’ म्हणत दर दोन महिन्यांनी जुनी चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो. राग येतो लोकांना. येऊ दे. वर्षात एकदा जरी कोर्स लागला, तरी त्याचा अर्थ रोजचा उपचार कुठंतरी कमी पडतोय. एकतर पंप घेतला जात नाही, किंवा चुकीच्या पद्धतीनं ओढला जातो, किंवा घरातला धूर, धूळ, विडी सुटलेली नाही. दम्यावर नुसत्या साल्ब्युटामॉलच्या भरवशावर राहू नये, असं २०१९ पासून जागतिक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय. सूज कमी ठेवणारा पंप पाहिजेच.

‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्या काका-मावश्यांना माझा एकच प्रश्न असतो. चष्म्याची सवय लागली म्हणून कोणी चष्मा फेकून दिला का?

मागण्या काय आहेत

नुसतं रडगाणं नको म्हणून ठोस लिहितो. या गोष्टींना नवीन इमारत लागत नाही, मंत्र्यांच्या हातचं उद्‌घाटन लागत नाही. ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती मनात आणेल तर महिन्याभरात होईल.

१) कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत एक पान: दम्याचा अटॅक, पहिल्या तासात काय काय द्यायचं. ऑक्सिजन, साल्ब्युटामॉल दर २० मिनिटांनी, फार त्रास असेल तर सोबत इप्राट्रोपियम, आणि स्टिरॉईड. शेजारी रकाना: पेशंट किती वाजता आला, स्टिरॉईड किती वाजता दिलं. वेळ लिहावी लागली की आपोआप वेळेवर दिलं जातं.

२) प्रेडनिसोलोनच्या गोळ्या इमर्जन्सी ट्रेमध्येच ठेवा. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध आहे. रात्री स्टोअरला कुलूप आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे, हे बंद करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही तेच. मोठ्या दवाखान्यात पाठवायचं असेल तर स्टिरॉईडचा पहिला डोस देऊनच १०८ मध्ये बसवा. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंतचा वेळ त्या औषधाला कामाला लागायला मिळतो.

३) स्पेसर ठेवा. पंपाला लावायची ती प्लास्टिकची नळकांडी. नेब्युलायझर एकच असेल, लाईट गेली असेल, तर पंप आणि स्पेसरनं दिलेलं औषध बहुतेक पेशंटमध्ये वाफेइतकंच काम करतं. आणि एक पीक फ्लो मीटर. फुंकर किती जोरात मारता येते ते मोजणारं साधं यंत्र, वीज लागत नाही. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा तो आकडा खरा बोलतो.

४) घरी सोडताना मराठीत एक चिठ्ठी: कोणती गोळी, किती दिवस, कोणता पंप रोज, कोणता अटॅकमध्ये, पुन्हा कधी दाखवायचं. दोन ते सात दिवसांत दाखवायला बोलवायचंच. सिस्टरनं किंवा फार्मासिस्टनं पंप ओढून दाखवायचा आणि पेशंटकडून ओढून घ्यायचा. हे काम आम्ही मेडिकलवाल्यांनीही केलं पाहिजे. केमिस्ट संघटनेच्या बैठकीत मी हा विषय घेणार आहे.

५) आणि दमेकऱ्यांचं एक रजिस्टर. कोण वर्षात दोनदा कॅज्युअल्टीत आला, त्याच्या घरी आशाताईंनी एक चक्कर मारायची. टीबीच्या पेशंटचा पाठपुरावा आपण करतोच ना?

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं

माणूस एक वाक्य एका दमात बोलू शकत नाही, आडवा होऊ शकत नाही, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू ओढले जातायत, श्वास मिनिटाला तीसच्या आसपास, नाडी १२० च्या वर, ओठ निळसर, बोलणं अडखळतंय किंवा गुंगी येतेय. यातलं काहीही दिसलं की वाट बघायची नाही. बसवून ठेवा, झोपवू नका. अटॅकचा पंप स्पेसरनं एकेक करत चार वेळा द्या, निघा, वाटेतही देत राहा. १०८ ला फोन करा.

घरघर अचानक थांबली आणि माणूस थकून शांत झाला, तर ‘आराम पडला’ समजू नका. हवा आत जाईनाशी झाली की आवाजही येत नाही. ही सगळ्यात वाईट खूण आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९५ दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका. दम्यात तो बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहतो आणि मग एकदम खाली येतो. ९० च्या खाली म्हणजे आधीच उशीर झालेला.

झोप यावी म्हणून झोपेची गोळी अजिबात द्यायची नाही. श्वासच दबतो.

आणि दवाखान्यात पोचल्यावर तीन गोष्टी न विचारता सांगा. पूर्वी कधी आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर होते का, गेल्या वर्षात स्टिरॉईडचा कोर्स किती वेळा झाला, आणि शुगर, बीपी, हृदयाचं काही आहे का. धाप लागणारा प्रत्येक माणूस दमेकरी नसतो. हृदयाची धाप असते, चुलीच्या धुरानं आणि विडीनं खराब झालेल्या फुप्फुसाची असते. ते ओळखणं डॉक्टरांचं काम. पण खरी माहिती देणं आपलं.

मग शांतपणे एक प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, यांना स्टिरॉईड दिलं का, आणि पुढं किती दिवस घ्यायचंय?’ आवाज न चढवता विचारा. आजवर लोक ‘स्टिरॉईड तर नाही ना दिलं?’ असं विचारत आले. अटॅकच्या वेळी तरी प्रश्न उलटा करा.

या मागण्यांचा अर्ज मी लिहून ठेवलाय. तालुका आरोग्य अधिकारी आणि रुग्ण कल्याण समिती, दोन्हीकडे देणार आहे. कोणाविरुद्ध तक्रार नाही त्यात, फक्त वर लिहिलेले पाच मुद्दे. सही करायची असेल त्यांनी सोमवारपासून दुकानात यावं, सकाळी दहा ते रात्री नऊ. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशाताई यांच्या सह्या आल्या तर वजन पडेल. आणि दमेकऱ्यांनो, सही करायला येताना आपापला पंप घेऊन या. कसा ओढता ते बघतो. दहातले सात जण चुकीचा ओढत असणार, पैज लावा.